पट्टा करकरतोय!

मुलांनो, एक कल्पना करून बघा. दिवसभर हुंदडून तुम्ही दमला आहात, अंथरुणावर आडवे झाला आहात, आणि कुणीतरी तुमच्या उशाशी सूर्यच आणून टांगला आहे. तो काही केल्या मावळत नाही. जवळून कुत्री जातात, माणसं जातात, ट्रक जातात आणि सगळं लख्ख दिसतं. त्यात तुमच्या पोटाखाली तुमची अंडी असतील तर? जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुम्ही ओरडाल की नाही? भिवंडीजवळच्या पूर्णा गावात केसरीनाथच्या घरामागे एक टिटवी नेमकं हेच करत होती.

केसरीनाथने आपलं भाताचं शेत गोडाऊनसाठी दिलं होतं. गोडाऊनपुढे खडी पसरलेली होती, आणि त्या खडीतच, खडीसारखी दिसणारी अंडी घालून टिटवी बसली होती. हे घरात फक्त धाकट्या उन्नतीला ठाऊक होतं. ती चौथीत होती. ट्रकवरची ताडपत्री चोरीला गेली म्हणून केसरीनाथने खांबावर हॅलोजन लावला, आणि त्याच संध्याकाळी जे 'टिटीटिटीव, टिटीव' सुरू झालं ते पहाटेपर्यंत थांबलं नाही.

"केसरी, घरावर टिटवी वरडते," केसरीनाथची गोदूआत्या म्हणाली. "मनालीचा साखरपुडा तोंडावर आला. नवऱ्या मुलाची आजी, राहीबाई, कशी हाय, ठाऊक हाय ना? मागं तिच्या घरची मानकोलीची सोयरीक जुळत आलेली. टिटवी वरडली आनि राहीबाई उंबऱ्यावरून परत फिरली!"

मनाली केसरीनाथची थोरली लेक. तिला आणि नवऱ्या मुलाला, मनोजला, एकमेकं मनापासून पसंत होती. केसरीनाथने विचार केला, की अशुभ गोष्टींना अंधार आवडतो, तेव्हा अंधारच ठेवायचा नाही. त्याने दुसरा हॅलोजन लावला. आता टिटवीला लांबची कुत्रीही दिसू लागली आणि ती त्यांच्यावरही ओरडू लागली. केसरीनाथने तिला घाबरवायला सुतळी बॉम्ब फोडला. टिटवी खडीतून उठली ती थेट घराच्या छपरावर घिरट्या घालू लागली.

"बघ, आता डोक्यावरच आली!" गोदूआत्या म्हणाली.

केसरीनाथने तिसरा हॅलोजन आणला.

"बाबा, लोडशेडिंगमध्ये ती गप असते," उन्नती म्हणाली. त्या वर्षांत दिवेलागण झाली की रोज वीज जायची.

"लाइट गेली की आपन सगले वट्यावर बसून लाइटवाल्यांना शिव्या घालतो. त्यात तिचा आवाज कुठं आयकू येनार?"

"पन बाबा, तिची अंडी..."

"नाव काढू नको तिचा! जा, पाट पुसून ठेव."

साखरपुड्याची संध्याकाळ आली. वीज जाणार हे नक्की होतं, म्हणून केसरीनाथने राहनाळच्या पंढरीकडून जनरेटर आणि दोन मोठे स्पीकर आणवले. "पंढरी, आज मांडवात अंधार झाला तर तुझी खैर न्हाय," त्याने बजावलं. जनरेटर गोडाऊनच्या बोर्डालाही जोडला, म्हणजे वीज असो वा नसो, तिन्ही हॅलोजन पेटतेच राहतील. थाटात काही कमी नको, आणि गाण्यांच्या आवाजात टिटवी दबून जाईल असा त्याचा हिशेब होता. वीज गेली, जनरेटर धडधडू लागला, पाहुण्यांच्या जीपा आल्या. राहीबाई खुर्चीत बसली. म्हातारी काटकुळी, पण कान कसे? सुई पडली तरी टिपतील! तिने सरबताचा ग्लास ओठांना लावला मात्र...

'टिटीटिटीव!'

ग्लास जागीच थांबला. "कोन वरडला?"

भटजींच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"पट्टा!" केसरीनाथ ओरडला. "जनरेटरचा पट्टा, आजी. करकरतोय."

"पट्टा?"

"जुना झालाय. काय रे पंढरी, तुला सांगितला होता ना, पट्टा बदल म्हनून?"

पंढरीने गेल्याच आठवड्यात नवा कोरा पट्टा बसवला होता. तो शेठकडे बघतच राहिला. "हां... हां शेट. लई करकरतो."

'टिटीव, टिटीव!' टिटवी मांडवावरून गेली. राहीबाईने मान वर केली. "पट्टा वरून कसा करकरतो?"

"आवाज गोडाऊनच्या पत्र्यावर आपटून वरून येतो, आजी."

केसरीनाथने पंढरीला डोळ्यांनी खूण केली. पंढरीने गाण्यांचा आवाज वाढवला. टिटवीने त्याच्याही वर आपला आवाज नेला. मनोज रुमालाने सारखा घाम पुसू लागला. मनाली बापाकडे बघत होती आणि तिचे डोळे काठोकाठ भरले होते.

राहीबाईने ग्लास खाली ठेवला. "बंद करा."

"गानी?"

"गानी बी, आनि तो पट्टा बी. मला आयकायचा हाय."

आली का पंचाईत? जनरेटर बंद करावा आणि ओरडणं चालूच राहावं, म्हणजे टिटवीही उघड आणि थापही उघड.

"आजी, अंधार होईल," केसरीनाथ काकुळतीला आला.

"माझा लगीन कंदिलावर झाला. मोडला का? बंद कर!"

"पंढरी, बंद कर," केसरीनाथ तोंडाने म्हणाला. 'करू नको' असं डोळ्यांनी म्हणाला. पंढरीने डोळ्यांचं ऐकलं. फडकं घेऊन तो जनरेटर पुसत बसला.

"काय रे, बंद होत न्हाय का?"

"गरम हाय, आजी. जरा निवू दे."

"असा?" राहीबाई काठी टेकत उठली. "मनोज, जीप काढ."

मनालीच्या तोंडून हुंदका फुटला. तोवर उन्नती जनरेटरजवळ पोचली होती. पंढरी कोणती दांडी ओढतो ते तिने दुपारीच पाहून ठेवलं होतं. तिने दोन्ही हातांनी ती ओढली.

धडधड अडखळली, मंदावली, थांबली. सगळीकडे काळोख पसरला. केसरीनाथने मांडवाचा खांब मिठीत घेतला आणि डोळे मिटून घेतले. सगळे कान देऊन ऐकत होते. लांबवर हायवेचा आवाज होता. खडीत एकदाच बारीक 'टिट्' झालं. मग काहीच नाही. पुष्कळ वेळ काहीच नाही.

अंधारातून राहीबाईचा आवाज आला. "पट्टाच होता."

समया आल्या, कंदील आला. साखरेचा पुडा मनालीच्या ओटीत पडला. राहीबाईने तिची अलाबला घेतली आणि केसरीनाथला म्हणाली, "एवढा मांडव घातलास, एक पट्टा बदलाया काय झाला होता?"

"उद्या सकालीच बदलतो, आजी!" केसरीनाथ म्हणाला. आणि गंमत बघा, पंढरीला बाजूला घेऊन तो कळकळीने कुजबुजला, "खरंच बदल रे. लई करकरत होता."

पेढे वाटले जात होते. इतक्यात गावाच्या वरच्या टोकाला पोरांचा गलका झाला. "आली! लाइट आली!" एकेक आळी उजळत उजेड खाली येऊ लागला. राहीबाईचा पेढा अजून अर्धाच खाऊन झाला होता. आणि गोडाऊनच्या तिन्ही हॅलोजनची बटणं चालूच होती.

हे फक्त उन्नतीच्या लक्षात आलं. नवा परकर गुडघ्यापर्यंत उचलून ती गोडाऊनच्या बोर्डाकडे धावली आणि तिन्ही बटणं खाली पाडली. तेवढ्यात घरातले दिवे लागले. मांडवात टाळ्या पडल्या. खडीवर अंधार तसाच राहिला.

पंढरी धापा टाकत आला. "ए पोरी, बाजूला हो. हॅलोजन का लागले न्हाय? शेट माझ्यावर वरडेल."

"न्हाय होनार."

"आगं बाय, मी बापाला हाक मारीन हां तुझ्या!"

उन्नतीने बोर्डाला पाठ घट्ट टेकवली. तिच्या मुठीत तिच्या वाटणीचा एकुलता एक पेढा होता. तिने एकदा पेढ्याकडे बघितलं, हाक मारायला पंढरीने तोंड उघडलं तसा तो अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला, आणि शेवटची जीप वळणाआड जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.