हक्कनं शे, भीक नही

फैजपूरहून बदली होऊन धुळ्यात आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी गल्लीत कुणीतरी दारोदार विचारत चाललं होतं, "उचलं का? उचलं का?" आमच्याकडे असं फक्त मयताच्या घरी विचारतात, प्रेत उचललं का म्हणून. मी घाईने खांद्यावर टॉवेल टाकला, चेहरा पाडला आणि बाहेर येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं?"

एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. "कोनी नही गयं. रेशन उचलं का, ते इचारी ऱ्हायनू."

हे आमचे शेजारी, नाना. बंद पडलेल्या गिरणीतले जुने कामगार. दुकानात धान्य आलं की त्यांच्या अंगात येतं. ज्याला मिळायला हवं त्याने ते घेतलंच पाहिजे, हा हट्ट. कुणाचा अंगठा मशीन घेत नाही, कुणाला रांगेची लाज वाटते. नाना सगळ्यांना हाकत नेतात. "हक्कनं शे, भीक नही."

समोरच्या अक्का म्हणाल्या, मला तो तांदूळ पचत नाही. नाना म्हणाले, शिजवा, मी चाखून सांगतो. आणि खरंच चाखायला बसले. पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. आम्ही हसलो.

गेल्या महिन्यात अक्कांची तब्येत बरी नव्हती, म्हणून अंगठ्यापुरतं त्यांना रिक्षाने दुकानात नेलं. नाना आणि मी सोबत. दुकानदार गहू ओतता ओतता म्हणाला, "नाना, मुलाला नोकरी लागली म्हणून तुमचं कार्ड गेलं. आता एकटेच राहता ना? तसं सांगा, तुम्हालाही मिळेल."

मीही शहाणपणाने विचारलं, मुलगा कधी येणार आहे? पोरगा नोकरीला गेला तो पुन्हा फिरकलाच नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

नानांनी अक्कांची पिशवी उचलली.

"मी एकला कसा? मना पोऱ्या शे ना सुरतमा."

गल्लीत आल्यावर नाना पिशवी अक्कांच्या ओट्यावर ठेवून स्वतःच्या घरात शिरले. दार उघडंच होतं. शेगडीवर चहाचं पातेलं, शेजारी टोस्टची पुडी. पिठाचा डबा धुऊन पालथा घातलेला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने कणकेत आणखी दोन मुठी पीठ घातलं.

"उद्यापासून त्यांचा जेवणाचा डबा मी नेऊन देईन," ती म्हणाली. "तुम्ही जाऊ नका. तुम्ही पुन्हा विचाराल, मुलगा कधी येणार म्हणून."