आत्याचा हॉल आणि गरजेचं प्रशिक्षण

गल्लीच्या हॉलचं छत चार ठिकाणी गळत होतं आणि पाचव्या ठिकाणी गळायच्या विचारात होतं. या हॉलमध्ये आत्या बायकांना शिवण शिकवायची. आत्या म्हणजे खरं तर फक्त गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरीच्या मुलांची आत्या. पण ती पोरं गल्लीभर ‘आत्या, आत्या’ करत हिंडायची, त्यामुळे हळूहळू सगळ्या गल्लीने तिला आत्या करून घेतलं होतं. पाऊस सुरू झाला की ती वर बघायचीसुद्धा नाही. तिच्या क्लासला महिनाभर आलेली कुठलीही बाई मशीन न थांबवता, टाका न चुकवता डाव्या हाताने बादली बरोबर थेंबाखाली सरकवायची. नवीन बाईला आत्या आधी बादली शिकवायची, मग काज.

पण यंदा नगरपालिकेने कळवलं की पावसाळा संपेपर्यंत छत बदललं नाही, तर हॉल धोकादायक ठरवून कुलूप लावू आणि आत कचऱ्याचे जुने डबे ठेवू. कचऱ्याचे डबे गळक्या छताखाली राहू शकतात आणि शिवणाऱ्या बायका राहू शकत नाहीत, हे आत्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना. क्लास बंद पडला तर त्या बायकांचे हात पुन्हा रिकामे होणार होते, आणि आत्याचेही.

मार्ग सापडला तो सेक्रेटरीला. सेक्रेटरी म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. बँकेत क्लार्क, गल्लीच्या मंडळात सेक्रेटरी आणि घरी कोणीच नाही. त्याने कुठूनशी वस्ती विकासाची एक योजना शोधून काढली. नवं छत मिळणार होतं, वर बायकांना प्रशिक्षण आणि नव्या मशिनी. अट एकच. ऑफिसातल्या मॅडम गुरुवारी चार वाजता येऊन हॉल प्रत्यक्ष बघणार, आणि हॉल गरजू दिसला पाहिजे.

“तेव्हा कोणी कशाला हात लावायचा नाही,” सेक्रेटरीने बहिणीला बजावलं. “आहे तसं राहू दे. दोन थेंब मॅडमच्या अंगावर पडले तर फारच उत्तम.”

“घरी आलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी पाडायचं?”

“ताई, योजनाच तशी आहे.”

“मग तसली योजना मला मान्य नाही.”

सेक्रेटरीने तिला समजावलं, हात जोडले, आणि ती गप्प बसली हे बघून आपण जिंकलो असं समजून तो बँकेत गेला. लहानपणापासून तो असंच समजत आला होता.

गुरुवारी सकाळी आत्याने प्लंबरला छतावर चढवलं. हा शेजारचा प्लंबर मनाने फार चांगला होता. त्याने दुरुस्त केलेला नळ आठवडाभरात पुन्हा गळायचा आणि तो पुन्हा हसतमुखाने यायचा. त्याने पत्र्याच्या प्रत्येक भोकावर डांबर थापलं. मग आत्याने भिंतींना रंग काढला, उरलेल्या कापडांचे पडदे शिवले आणि गल्लीत हाक दिली की आपल्याकडे पाहुण्या येताहेत. एवढं पुरलं. निवृत्त पोस्टमास्तरांचा सोफा आला. दार अरुंद होतं, म्हणून प्लंबरने चौकटच काढली, सोफा आत घेतला आणि चौकट परत बसवून सिमेंट भरलं. डेअरीवाल्याने थंड पाण्यासाठी फ्रिज आणला. मॅडमना लिहायला ताठ बसता येईल अशी खुर्ची गल्लीत एकच होती, ती सलूनवाल्याची. हवी तेवढी वरखाली होणारी, फिरणारी. तीही आली.

सेक्रेटरी अर्धी रजा टाकून तीन वाजता आला आणि दारात त्याने आपोआप चपला काढल्या. या हॉलमध्ये त्याने आजवर कधी चपला काढल्या नव्हत्या; काढल्या असत्या तर भिजल्या असत्या. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“ताई, हे काय करून ठेवलंस?”

“आवरलं.”

त्याने आधी सोफा बाहेर काढायचा प्रयत्न केला. सोफा दाराशी आडवा, तिडवा, उभा झाला आणि पुन्हा आत येऊन बसला. चौकट आता हलत नव्हती. मग तो बादली घेऊन शिडीवरून छतावर चढला आणि पत्र्यावर भडाभडा पाणी ओतलं. खाली बायका माना वर करून बघत राहिल्या. एक थेंब पडला नाही. दुसरी बादली ओतली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सेक्रेटरीने वरूनच प्लंबरला विनवलं की एका तरी भोकाचं डांबर खरवडून दे. प्लंबरचा चेहरा पडला. मग तो ताठ झाला.

“सेक्रेटरीसाहेब, वीस वर्षं धंदा करतोय. पहिल्यांदा माझं काम टिकलंय. आणि तुम्ही म्हणता ते माझ्याच हाताने फोडू?”

“पाच मिनिटांपुरतं.”

“पाच मिनिटं पण नाही. आज माझी बायको येऊन बघून गेली.”

नेमक्या त्याच वेळी मॅडम हॉलच्या दारात उन्हाची छत्री मिटत उभ्या राहिल्या. छतावर बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. सेक्रेटरीने वरून नमस्कार केला आणि पत्रा धूत होतो असं सांगितलं. गल्लीत स्वच्छतेची आवड आहे, असं मॅडमनी लगेच लिहून घेतलं.

आत आल्यावर त्या सलूनच्या खुर्चीत बसल्या, एकदा पूर्ण गोल फिरल्या आणि हॉल बघून झाला. पडदे बघितले, फ्रिज बघितला, सोफ्यावर हात फिरवला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं तेव्हाच सेक्रेटरीला कळलं.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, “आमच्या ऑफिसात पावसाळ्यात माझ्या टेबलाशेजारी बादली ठेवावी लागते. तुमचा हॉल आमच्या ऑफिसपेक्षा चांगला आहे. तुम्ही निकषात बसत नाही.”

सेक्रेटरीने छत गळतं हो, असं काकुळतीने सांगितलं. मॅडमनी वर बघितलं, मग प्लंबरकडे. प्लंबर छातीवर हात ठेवून म्हणाला की त्याच्या हाताखालून गेलेलं छत गळत नाही.

आता अडचण अशी होती की गल्लीने सामान साडेचारपर्यंतच दिलं होतं, आणि साडेचार वाजून गेले होते. आधी सलूनवाला दारात आला. त्याच्या मागे गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं, अर्ध्या गालाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक होतं. सलूनवाल्याने लांबूनच आत्याला खुणा केल्या. आत्याने पडद्याची चुणी नीट केली. शेवटी सलूनवाला मॅडमच्या मागे जाऊन हळूच म्हणाला, “मॅडम, घाई नाही, पण याचा फेस वाळतोय.” आणि त्याने सवयीने खुर्चीची दांडी दाबली. मॅडम बोलता बोलता हळूहळू खाली गेल्या.

त्या उठल्या आणि खुर्ची निघाली. मग संध्याकाळचं दूध आलं म्हणून डेअरीवाला फ्रिज घेऊन गेला. पोस्टमास्तर सोफा न्यायला आले होते, पण तो निघेना, तेव्हा त्यांनी फार त्रागा न करता उशी मागवली. या वेळी मला पडायची सवय आहे, असं मॅडमना सांगून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मॅडम हॉलच्या मधोमध फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. बसायला जागा नव्हती आणि कोणीतरी घोरत होतं.

त्यांना सगळं कळलं. हसूही आलं. पण त्या म्हणाल्या, “मला जे दिसलं तेच लिहिता येतं. मी आले तेव्हा खुर्ची होती.” मग जरा मऊ आवाजात त्यांनी एक उपाय सुचवला. ऑफिसकडून वस्तीतल्या मंडळांना प्रशिक्षण मिळतं, गरज कशी मांडावी याचं. तीन दिवस, चहा-नाश्त्यासह. ते केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

“म्हणजे रडायला शिकवता?” आत्याने विचारलं.

“तसं नाही हो. परिस्थिती दाखवायला.”

“परिस्थिती वर आहे. मान वर करा की दिसते. शिवणात उसवलेलं दिसू नये म्हणून आम्ही अस्तर लावतो. तेवढ्याने कापड नवं होत नाही.”

मॅडम छत्री काखेत मारून निघून गेल्या. सेक्रेटरीने बहिणीशी बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, डांबर निघालं आणि छत पाचही ठिकाणी गळायला लागलं. प्लंबर दोन दिवस घराबाहेर पडला नाही. लोक त्याच्या बायकोला भेटून येत होते.

त्यात प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. आता सेक्रेटरीला बोलावंच लागलं. त्याने बहिणीला गोड शब्दांत सांगितलं की जा, पुढच्या रांगेत बस, सांगतील तसा चेहरा कर. पुढच्या वर्षी तरी छत मिळेल. आत्या म्हणाली, पुढच्या वर्षी इथे कचऱ्याचे डबे असतील, त्यांनाच पाठव प्रशिक्षणाला. आणि नाही म्हणायचंच आहे तर तोंडावर जाऊन म्हणते. सेक्रेटरीने घाबरून मॅडमना फोन केला की ताई सोमवारी येतेय, आणि तिच्या वतीने माफी मागायला तोही बरोबर निघाला.

मॅडमचं ऑफिस बघून आत्या दारातच थांबली. टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता. फुलदाणी होती. दोन खुर्च्या पुसून मांडल्या होत्या आणि भिंतीला ताज्या रंगाचा वास येत होता. मॅडमनी स्वतः उठून बसायला सांगितलं, चहा मागवला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

आत्याने चहाचा कप हातात घेतला आणि सरळ मुद्द्यावर आली. प्रशिक्षण नको. हॉल गरीब आहे हे दाखवायला तो घाण ठेवणार नाही. कोणी येणार असेल तर झाडणार, पडदे लावणार, खुर्ची आणणार, कितीही वेळा. त्यावरून छत द्यायचं नसेल तर नका देऊ, पण त्याला निकष म्हणू नका. सेक्रेटरी मधे मधे “ताईचं तसं म्हणणं नाही” असं म्हणत होता. तेवढ्यात टप्पकन आवाज झाला. मॅडमच्या फाईलवर थेंब पडला होता.

दुसरा थेंब पडला. मॅडमनी फाईल जराशी सरकवली, जशी काही ती तशीही सरकवायचीच होती. तिसरा थेंब टेबलक्लॉथवर पडला.

“मॅडम,” आत्या म्हणाली, “तुमची बादली कुठंय?”

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

“कपाटामागे,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“तुम्ही येणार होतात ना.”

आत्या उठली. कपाटाजवळ गेली आणि हातातला कप खाली न ठेवता, चहाचा थेंब न सांडता, डाव्या हाताने बादली ओढून आणून तिने ती बरोबर गळतीखाली सरकवली. मग बसून उरलेला चहा प्यायली.

“तुम्हीसुद्धा निकषात बसत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “फुलदाणी आहे.”

मॅडम बराच वेळ बादलीतला आवाज ऐकत राहिल्या. मग फाईल पदराने पुसून त्यांनी वर ‘फेरपाहणी’ असं लिहिलं. “गुरुवारी येते,” त्या म्हणाल्या. “पण या वेळी आवरू नका.”

“आवरणार,” आत्या म्हणाली. “तुम्ही फक्त वर बघा.”

सेक्रेटरीने कपाळाला हात लावला.

गुरुवारी मॅडम आल्या त्या काखेत स्वतःची घडीची खुर्ची घेऊनच. हॉल झाडून लख्ख होता. पडदे इस्त्री केलेले होते. सोफ्यावर पोस्टमास्तर होते, कारण सोफा तिथेच होता. पाऊस पडत होता, छत पाचही ठिकाणी मनापासून गळत होतं, प्लंबर भिंतीकडे बघत उभा होता, आणि प्रत्येक गळतीखाली एकेक घासलेली बादली होती. प्रत्येक बादलीला आत्याने फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, खाली झालर लावून.

मॅडमनी मान वर केली. बराच वेळ वर केलेलीच ठेवली. मग खुर्ची उघडून बसल्या आणि न थांबता लिहीत गेल्या. जाताना त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं की पत्रे महिनाभरात येतील, मशिनी नंतर, आणि प्रशिक्षणाचं राहू द्या.

दारापर्यंत गेल्यावर त्या परत फिरल्या आणि आत्याच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, “हे कव्हर आमच्या बादलीला बसेल का हो?”

आत्याने गळ्यातली टेप काढली.

“घेर किती?”