अर्थिंग या पदावर देवमन काका

पळसमाळ ग्रामपंचायतीच्या संगणकाचे तीन तारखेला उन्नतीकरण झाले आणि चार तारखेला तो खरखरू लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असे ज्याने उन्नतीकरण केले त्या हरीओमने शेलूबाजारहून फोनवर ठासून सांगितले. जुन्या डब्यात त्याने नवी रॅम, नवा पॉवर सप्लाय आणि एक भलेथोरले ग्राफिक कार्ड बसवले होते. या कार्डावर लढाईचे खेळ फार सुरेख दिसतात म्हणे. पळसमाळला त्यावर जन्माचे दाखले काढायचे होते.

खरखर साधीसुधी नव्हती. गरम तेलात मोहरी टाकावी तसा तडतडाट, येणाऱ्या आवाजातही आणि जाणाऱ्या आवाजातही. संगणक परिचालक पौर्णिमा हिच्या तोंडचे पाणीच पळाले. दर सोमवारी वरिष्ठ कार्यालयाची ऑनलाइन आढावा बैठक असे आणि तिची हजेरी तोंडी द्यावी लागे. लागोपाठ तीन वेळा ‘अनाकलनीय’ असा शेरा पडला की परिचालकाचे कंत्राट वाढत नाही, असा नियम होता. पौर्णिमाचे कंत्राट मार्चअखेर संपत होते आणि दोन शेरे पडून झाले होते.

त्याच बैठकांत तिने खरखरीतून वाचलेल्या अहवालापुढे मात्र ‘समाधानकारक’ असे लिहिले गेले होते. हजेरी ऐकू यावी लागते, अहवालाचे तसे काही बंधन नाही.

तिने स्पीकर बदलला. हेडफोनची पिन मागून काढून पुढे लावली, पुढून काढून मागे लावली. ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकला. शेवटी तक्रार पोर्टल उघडले. तिथे दोषाचा ध्वनिमुद्रित नमुना जोडणे सक्तीचे होते. तिने तो जोडला. दोन दिवसांनी उत्तर आले: ‘नमुन्यात खरखर येत असल्याने तक्रार समजली नाही. कृपया स्वच्छ आवाजातील नमुना जोडावा.’

पौर्णिमाने ते तीनदा वाचले आणि तिला रडूच आले. फरशी नुकतीच पुसलेली होती, चपला दाराबाहेर होत्या. वैतागून तिने संगणकाच्या पत्र्यावर हात टेकला आणि खरखर थांबली. हात काढला, तर पुन्हा सुरू. तिने चकित होऊन शिपाई देवमन काकांना हाक मारली.

देवमन काकांनी तरुणपणी वायरमनच्या हाताखाली काम केलेले होते. त्यांनी पत्र्याला बोट लावून पाहिले आणि मान डोलावली.

“पोरी, याले अर्थिंग नाई भेटून राह्यली. तू हात लावला का तुह्या अंगातून जमिनीत उतरते थे.”

“मंग काय करा लागते, काका?”

“काई नाई. ऑफिसच्या मांगं मीठ-कोयशाचा खड्डा हाय ना अर्थिंगचा? सुकून कोल्ला पडला असन. दोन बकेटी पानी ओतलं का झालं काम.”

काम झाले असते. पण खड्ड्यावर झाड होते. गेल्या वर्षी वृक्षारोपणाच्या दिवशी सगळ्या मुरमाड आवारात कुदळ शिरेल अशी एकच भुसभुशीत जागा सापडली होती, आणि तिथेच मान्यवरांनी कडुनिंब लावला होता. मिठात लावलेला कडुनिंब आठ दिवसांत वाळला. नोंदवहीत मात्र तो आठ फूट वाढला होता आणि रोज दोन बकेटी पाणी पीत होता.

सरपंच रामधनभाऊ वांग्यामेथीची बागाईत करणारा माणूस, पाणी कुठे द्यायचे हे त्यांना चांगले कळत होते. ते म्हणाले, “आता तिथं पानी ओतताना कोनी पाह्यलं, तं इचारन ना, का झाड कुठी हाय म्हनून! वर्षभर पानी देल्लं म्हंता, मंग खड्डा कोल्ला काहून? नोको बापा.”

“पन भाऊ, माही नोकरी जाते ना,” पौर्णिमा म्हणाली.

रामधनभाऊ काही दुष्ट नव्हते. त्यांनी तासाभरात ठराव करून घेतला आणि त्याची प्रत वरिष्ठ कार्यालयाला धाडली. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत देवमन काकांची अर्थिंग म्हणून तात्पुरती नियुक्ती करण्यात आली. बैठकीच्या काळात त्यांनी अनवाणी, ओल्या गोणपाटावर उभे राहून उजवा हात पत्र्यावर ठेवावा, असे ठरले. हाताला मुंग्या येतात, ही त्यांची हरकत मुंग्यांसाठी स्वतंत्र तरतूद नसल्याने फेटाळण्यात आली.

सोमवारी साहेबांनी पुकारा केला. काकांनी हात टेकला.

“पळसमाळ?”

“हजर, सर!” आवाज घंटेसारखा खणखणीत गेला. तिसरा शेरा टळला. पौर्णिमाला इतका आनंद झाला की त्या भरात तिने अहवालही वाचून टाकला.

“नळाला तीन आठवडे झाले पाणी नाही, सर. टाकीचा पाइप फुटला आहे. बाया विहिरीवरून पाणी आणतात. हे मी मागच्या दोन्ही बैठकांत सांगितलं होतं.”

साहेबांनी कानातले यंत्र काढून पाहिले, पुन्हा घातले.

“मॅडम, तुमचा आवाज आज जरा जास्तच येतोय.”

संध्याकाळच्या आत नोटीस आली. दोन वेळा समाधानकारक असलेली परिस्थिती परिचालकाच्या बोलण्यामुळे एकाएकी बिघडली, त्याचा खुलासा मागवला होता. सोबत सुधारित सूचना होती: ‘अर्थिंगने हजेरीपुरता हात लावावा. अहवाल सुरू होताच काढावा.’

पुढच्या सोमवारी काकांनी ‘हजर’पर्यंत हात ठेवला आणि पौर्णिमाकडे पाहिले.

“काय करू, पोरी? ठेवू का काढू? तू म्हनशीन तसं.”

बाहेर बाया रिकामे हंडे-गुंड घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या. त्यांत तिची आईही होती. पौर्णिमाने मार्चअखेर आठवला. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“काढा, काका,” ती म्हणाली.

मोहरी तडतडली. तिने पाण्याचा सगळा अहवाल वाचला, एक शब्द गाळला नाही. साहेबांनी ‘समाधानकारक’ असे लिहिले. एप्रिलमध्ये तिचे कंत्राट वाढले, आणि आसपासच्या एकोणतीस ग्रामपंचायतींनी अगदी तस्सेच उन्नतीकरण आम्हालाही हवे, असे अर्ज केले.

हसलात ना पौर्णिमाला? गेल्या महिन्यात सोसायटीच्या ऑनलाइन बैठकीत म्हाताऱ्या वॉचमनला काढायचा विषय निघाला आणि तुमचे मत विचारले गेले, तेव्हा “हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय हो,” असे तुम्हीच म्हणाला होतात. तुमच्या घरातले नेटवर्क त्या दिवशी उत्तम होते.