यादी सव्वादोनला जाते

“गेली. परत गेली. आता हे पत्र छापू कुठे, कपाळावर?” टायपिस्ट पुटपुटली, पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत.

पडद्यावर ऑफिसातल्या अकरा कॉम्प्युटरांची नावं दिसायची, ती एकदम नाहीशी झाली होती. नावं गेली की दुसऱ्यांच्या फायली गेल्या, प्रिंटरही गेला. रोज दुपारी, सव्वादोनला. आठवडाभर कॉम्प्युटरवाली मुलगी टेबलांखाली रांगत होती. वायरी बदलून झाल्या, सगळ्यांचे टोमणे ऐकून झाले. तिचं कंत्राट उद्या संपत होतं आणि पुढच्या सहा महिन्यांचं पत्र साहेबांच्या सहीसाठी पडून होतं.

“सापडलं,” ती हेडक्लार्कबाईंच्या कानाशी येऊन म्हणाली. “ही यादी एकच मशीन सांभाळतं. कुठलं, ते मशीनं आपापसात ठरवतात. सगळ्यात नवं असेल ते जिंकतं.”

“नवं तर साहेबांचं.”

“तेच ना. नीट बंद केलं तर ते जाताना दुसऱ्याला चार्ज देऊन जातं. साहेब थेट भिंतीवरचं बटण दाबतात. मग यादी कुणाकडेच राहत नाही, बाकीची बसतात वाट बघत. त्यांच्या मशीनवरचं हे काम बंद करायचं आणि तुमच्या मशीनवर टाकायचं, बास. दोन मिनिटं लागतील.”

“मग सांग की त्यांना.”

“काय सांगू? सव्वादोनला बटण का दाबता, असं विचारू?”

बाईंनी समोरची फाईल उगाचच उघडली. गेली नऊ वर्षं दुपारच्या प्रत्येक फोनला त्या ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगत आल्या होत्या. ती मीटिंग साहेबांच्या घरी पंख्याखाली भरायची आणि पाच वाजेपर्यंत कूस बदलत चालायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पत्र पुढ्यात ओढलं, पेन उघडलं आणि आधी पडद्याकडे पाहिलं. अकराच्या अकरा नावं जागच्या जागी.

“कुठे बिघडलंय? मी इतका वेळ इथे बसतो, मला तर कधी दिसलं नाही.”

“सर, तुमच्या मशीनवरचं एक सेटिंग बदललं तर...”

“माझ्या मशीनला हात लावायचा नाही. तेवढं एकच धड चाललंय.”

“यादी दुपारी जाते, सर.”

“दुपारी मी काय नसतो?”

टायपिस्ट खिडकीबाहेर पाहू लागली. स्टोअरकीपरला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

“बघा, कुणाचीच तक्रार नाही,” साहेबांनी पेनला टोपण लावलं. “मग पुढचे सहा महिने तुम्हाला ठेवायचं कशाला?”

मुलगी टेबलावरचे स्क्रूड्रायव्हर एकेक करून पिशवीत टाकायला लागली. तिसरा पिशवीत न पडता जमिनीवर पडला. तो उचलायला कोणीच वाकलं नाही. बाईंनी मात्र खुर्ची मागे सारली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “सव्वादोनला तुम्ही घरी झोपायला जाता. तेव्हा जाते.”