मोठी मोटर

आमच्याकडे कुकर लागलेला असला की सोमण घरात येत नाहीत. चपला पायातच ठेवून, पळायच्या तयारीनं, दाराबाहेरून विचारतात, "वहिनी, शिट्ट्या झाल्या? गॅस बंद? वाफ गेली?" तिन्ही उत्तरं पटली की मगच आत. आणि आत येऊन सोफ्यावर बसले की बोलतात ते रॉकेटांबद्दल.

आठवडाभर ते आखाताच्या किनाऱ्यावर, सोहारला एका अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात सुरक्षा पाहतात, सुट्टीला इथं अल हैलला, शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे असतात. कारखान्यात त्यांना भिण्याचा पगार मिळतो. घरी ते हौसेनं भितात. लिफ्टमध्ये 'रॉकेट' हा शब्द उच्चारत नाहीत. 'आपली वस्तू' म्हणतात.

माणसाएवढी रॉकेटं बनवायचा नाद त्यांना आणि माझ्या नवऱ्याला, विनयला, एकदमच लागला. इथल्या एका कॉलेजच्या गटाला परवानगी मिळाली की त्यांच्याबरोबर वाळवंटात जाऊन उडवायची. इंधन भरलेली मोटर गटाच्या कुलपात. रॉकेटची नळी मात्र आमच्या हॉलमध्ये बनायची. तीही पुठ्ठ्याची.

"सगळा जन्म अ‍ॅल्युमिनियममध्ये गेला तुझा, आणि नळी पुठ्ठ्याची?" विनय चिडवायचा.

"म्हणूनच! धातू फुटला की त्याचे सुरे होतात. पुठ्ठा फुटला तरी पुठ्ठाच राहतो."

मोटर निवडताना तर रोज भांडण. सोमण लहान म्हणायचे, विनय मोठी.

"नळी फाटेल विन्या, खलास!"

"काही फाटत नाही. यल्ला, चल, मोठी लाव!"

शेवटी सोमण हरायचे, आणि उड्डाणाच्या वेळी गाडीमागे उकिडवे बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात विनय गेला. अर्धं राहिलेलं रॉकेट सोमणांनी पुरं केलं. मग शनिवारची परवानगी आली, आणि आदल्या दिवशी सकाळी ते नळी मांडीवर आडवी घेऊन माझ्यासमोर बसले. चेहरा उतरलेला.

"विन्यानं मला न सांगता पुठ्ठ्यावर फायबरग्लासचे थर चढवलेत. नळी मजबूत झाली, पण जड झाली. लहान मोटर हिला झपकन उचलणार नाही. रेंगाळत उठेल, कलंडेल, माणसांवर येईल."

"आणि मोठी?"

त्यांनी नळीवरून तळहात फिरवला. "त्याच्या हातची आहे ही. फुटली तर दुसरी नाही."

"मग नकाच उडवू. राहू दे घरात."

"नको वहिनी. भिंतीला टेकवून ठेवायला नव्हती केली त्यानं." नळी मांडीवर सरळ करत म्हणाले, "हिशेब मोठीच म्हणतोय. पुन्हा पुन्हा केला."

"मग अडलंय कुठं?"

"मोठी असं मी कधी म्हटलेलंच नाही हो. ते त्याचं काम. तुम्ही म्हणाल का?"

मी नळीकडे पाहिलं. एका टोकाला डिंकात विनयच्या बोटाचा ठसा वाळून बसला होता. म्हटलं आणि फुटली, तर विनयमागे तीही जाणार, आणि ती माझ्या शब्दानं.

"मोठी लावा," मी म्हटलं.

सोमण ताडकन उठले. "वेड लागलंय का तुम्हाला? पॅराशूटची दोरी तुटेल!"

"जाड दोरी लावा."

"वारा सुटला तर?"

"वारा पडेपर्यंत थांबा."

"उंट आले मध्ये?"

"हाकला."

"मला उंटाची भीती वाटते!"

"मी हाकलते."

किती दिवसांनी या हॉलमध्ये कुणी आवाज चढवला होता. चहावर साय धरली. अखेर सोमणांना पुढची शंका सुचेना. मी समजले, पटलं. कप उचलायला उठले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "बसा ना. इतक्या लवकर नका जिंकू."