फळी क्रमांक नऊ

नाल्यावरच्या लोखंडी पुलाला एकूण बावीस फळ्या असायला हव्या होत्या आणि त्यांतली नववी नव्हती. काटेवाल्यांनी स्वतः मोजलं होतं. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती, त्यामुळे मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही खोड अंगात मुरलेली. पुलापलीकडे त्यांच्या सासूबाई राहत होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. बायको दिवसातून दोनदा जेवणाचा डबा घेऊन तिकडे जायची. नववी फळी आली की एका हातात डबा, दुसऱ्या हातात कठडा धरून ढांग टाकायची.

"एक दिवस डबा काठावर सापडेल आणि मी नाल्यात," ती म्हणाली. "अहो, बघा की काहीतरी."

काटेवाल्यांनी अर्ज दिला. बांधकाम विभागाने सांगितलं, फळी बसवायला कुणाचीच ना नाही, फक्त विषय सभेपुढे यायला हवा. नगरपरिषदेची सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता असते. ती नागरिकांना खुली आहे, आणि नागरिक येत नाहीत याचं परिषदेला फार वाईट वाटतं.

काटेवाले दुकान बंद करून गेले. सभागृहात मागच्या बाजूला नागरिकांसाठी चाळीस खुर्च्या राखून ठेवलेल्या होत्या. एकोणचाळीस खुर्च्यांवर फायलींचे गठ्ठे होते आणि चाळिसावीवर सभेच्या कारकुनाने पाय ठेवले होते. काटेवाल्यांना पाहून तो दचकला.

"काका, कुणाला शोधताय?"

"सभेला आलोय."

"बरं वाटत नाहीये का?" त्याने काळजीने विचारलं. मग पाय खाली घेतले आणि कपाटातून एक कोरी करकरीत 'नागरिक सहभाग नोंदवही' काढली. "सही करा. सहीशिवाय बसता येत नाही. नियम सोपे आहेत. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, सुस्कारे सोडायचे नाहीत. सगळ्यात शेवटी 'नागरिकांचे मनोगत' असतं, त्यात तीन मिनिटं बोला."

"शेवट किती वाजता येतो?"

"माझ्या नोकरीत तरी अजून आलेला नाही."

त्या दिवशी सभासदांच्या पाण्याच्या पेल्यांवर झाकण असावं की नसावं यावर दोन तास वीस मिनिटं चर्चा झाली. झाकण असावं, पण सभासद बोलत असताना ते काढलेलं असावं, असं ठरलं आणि वेळेअभावी सभा तहकूब झाली. दुसऱ्या महिन्यात झाकण कुणी काढावं हा विषय होता. तिसऱ्या महिन्यात काटेवाले सवयीने सही करून बसले, तेव्हा कारकुनालाच त्यांची दया आली. त्याने तक्रार एका चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांच्या टेबलावर सरकवली.

अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "सभागृहाच्या निदर्शनास आणून देतो, की सदर पूल धोकादायक असल्याचं एका जागरूक नागरिकाने कळवलं आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? आपण. दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत पूल रहदारीस बंद करावा."

ठराव एकमताने मंजूर झाला. बाकं वाजली. काटेवाले उठून उभे राहिले तसं कारकुनाने त्यांना खांदा धरून खाली बसवलं आणि कानात अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामगार आले. नगरपरिषद इतक्या तातडीने काम करते हे गल्लीने प्रथमच पाहिलं. पुलाच्या दोन्ही तोंडांवर आडव्या फळ्या ठोकून वाट बंद करण्यात आली. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. नव्या, रंधा मारलेल्या, नवव्या फळीच्या बरोबर मापाच्या. काटेवाल्यांनी टेप लावून पाहिला.

"अहो, यातली एक काढून तिथे बसवा ना!" ते मुकादमाला म्हणाले.

"काका, ह्या बंद करायच्या फळ्या आहेत," मुकादम समजावणीच्या सुरात म्हणाला. "दुरुस्तीच्या वेगळ्या मागवाव्या लागतात."

आता बायकोला महामार्गाने वळसा घालून जावं लागायचं. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, दिवसातून दोनदा. डबा पोचेपर्यंत गार व्हायचा. महिनाभर तिने तेही केलं. मग गुडघे सुजले आणि एका सकाळी तिने चार साड्या पिशवीत भरल्या.

"मी आईकडेच राहते. पूल सुरू झाला की येईन."

काटेवाल्यांना रडू आलं, आणि बायकोसमोर रडायची लाज वाटून ते दुकानात जाऊन रडले. संध्याकाळी नवराबायको नाल्याच्या दोन काठांवर उभे राहायचे. "जेवलात का?" ती ओरडून विचारायची. "हो!" ते खोटंच ओरडायचे. छत्तीस वर्षांच्या संसारात ते एकमेकांशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

सहाव्या सभेत अहवाल आला. परिषदेने पाहणी केली असता गेल्या तीन महिन्यांत पुलावरून एकही माणूस गेलेला नाही. सबब पूल अनावश्यक असून तो काढून टाकावा. सोबत सहा नागरिकांच्या पाठिंब्याच्या सह्या जोडल्या होत्या.

त्या सहाही सह्या काटेवाल्यांच्या होत्या.

"त्या मी बसण्यासाठी केल्यात!" नियम मोडून ते ओरडले. "मला फक्त एक फळी हवीय! माझी बायको पलीकडे अडकलीय!"

अध्यक्ष मुळीच रागावले नाहीत. "तुमच्या भावना पोचल्या. पण तुम्ही एक आहात. बाकीचे नागरिक कुठे आहेत?"

"ते आले नाहीत."

"म्हणजे त्यांची तक्रार नाही. तरी पुढच्या सभेत आपण नागरिकांचा कौल घेऊ. आणा सगळ्यांना."

महिनाभर काटेवाले गल्लीतली चौसष्ट घरं फिरले. शिक्षकांनी त्यांचं मन लावून ऐकलं आणि हा विषय वर्गात जरूर घेईन म्हणाले. औषधवाला म्हणाला, "काका, मी तुमच्या पाठीशी आहे, फक्त मंगळवार सोडून." गल्लीतल्या वकिलांनी मोबाइलवर पुलाचा फोटो टाकून खाली तीन रडके चेहरे लावले, त्याला दोनशे दहा जणांनी अंगठे दाखवले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाताय ना, मग झालं की! एवढे सगळे कशाला?" एकजात सगळ्यांनी शाब्बासकी दिली. काटेवाल्यांना वाटलं, निदान तिघं तरी येतील.

मंगळवारी तीन वाजता नागरिकांच्या बाजूला काटेवाले, एकोणचाळीस गठ्ठे आणि कारकून, एवढेच होते.

"नागरिकांचा कौल," कारकुनाने खाली मान घालून वाचलं. "पूल काढण्याच्या विरोधात, हजर नागरिक, एक. बाजूने, हरकत न घेतलेले नागरिक, एक लाख बारा हजार चारशे सहा."

अध्यक्षांनी इतक्या प्रचंड लोकसहभागाबद्दल शहराचे आभार मानले. कारकुनाने बाजूने पडलेल्या मतांची यादी काटेवाल्यांच्या हातात दिली. पानं उलटता उलटता त्यांना सासूबाईंचं नाव दिसलं. त्याखाली बायकोचं होतं. तीन वाजता ती आईला भरवत होती.

पूल गुरुवारी कापून नेला. यादी नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लावलेली आहे, आडनावांच्या क्रमाने. तुमचं नावही आहे, शोधायला वेळ लागणार नाही. त्या मंगळवारी तुम्हाला काय इतकं महत्त्वाचं काम होतं, ते मात्र तिथे लिहिलेलं नाही.