जोडे काढून चालू नका

प्राचीचं लग्न जमलं ते २०१८ साल. आदल्याच वर्षी शुगरमुळे तिच्या आजोबांचा, देवीदासांचा, डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. नकली पाय बसवणाऱ्या कारागिराने बजावलं होतं, की हा पाय जोड्याच्या टाचेच्या मापाने बसवलाय. जोडे काढून चालाल तर मागे पडाल.

कॅम्प-१ या कामगार वस्तीतून प्राचीला घेऊन, लग्नाची बोलणी करायला मुलाच्या घरी, दुर्गच्या पद्मनाभपूर भागात निघताना प्राचीच्या आजीने, तुळसाबाईंनी, नवऱ्याला दम दिला, "पायाचं नाव काढाचं नाही. घरात शुगर हाय म्हटलं, तर पोरीलेबी होईल म्हणतीन. सोयरीक मोडन."

"अन् चालणं दिसन त्याचं काय?"

"पँट लांब हाय नं!"

पँट लांब होती. पण मुलाच्या दारात सगळ्यांच्या चपला काढलेल्या, आणि आत समोरच देवघर. देवीदासांनी निमूट जोडे काढले. दुसऱ्या पावलाला शरीर मागे कललं. सावरायला ते पुढे झुकले, तर पुन्हा मागे गेले. भिंत चाचपत, हात पसरत कसेबसे सोफ्यापर्यंत पोचले आणि मुलाच्या काकांच्या मांडीवर बसले.

"पाहुणे दुपारीच घेऊन आले का वं?" मुलाची आई, सिंधुताई, जावेच्या कानात म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

देवीदासांचे कान तापले. तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये काढली, पण दारूचा थेंब चाखला नव्हता. ते पँट वर करायला वाकले, तसा तुळसाबाईंनी त्यांचा हात दाबला. एकीकडे शुगर, दुसरीकडे दारू. त्यांनी मनातल्या मनात तोलून पाहिलं.

"घेतात थोडीशी," त्या मान खाली घालून म्हणाल्या, "पण सोभावानं लय चांगले हायेत."

प्राचीने पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात मुलाचे वडील, गुलाबराव, उठले आणि त्यांनी देवीदासांना मिठीच मारली. "या जी, या! या घरात मी एकटाच बदनाम होतो!"

घरचाच माणूस पिणारा, म्हणून सिंधुताई चहा टाकायला उठल्या. लग्न पक्कं झालं.

पुढे दर सणाला गुलाबराव त्यांना मागच्या खोलीत नेत आणि दोन ग्लास भरत. देवीदास आपला ग्लास हळूच खिडकीतून पपईच्या बुडाशी ओतत. पायाची लाज होतीच, आता पपईचीही वाटू लागली. तीन वर्षांनी, दिवाळीला, त्यांना राहवेना.

"गुलाबरावजी, मी पीत नाही." त्यांनी पँट वर केली. "हे असं हाय. शुगरनं गेला पाय."

गुलाबरावांनी पायावर बोटाने टकटक केलं. मग हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

"म्हणजे इतके दिवस मी एकटाच पिऊन राहिलो होतो?"

देवीदासांनी पँट खाली केली.

"सिंधूले सांगू नोका जी," गुलाबराव हळूच म्हणाले. "तुम्ही बसता म्हणून ते मले काही म्हणत नाही."

देवीदासांनी सांगितलं नाही. सणाला जात राहिले, बसत राहिले.

गुलाबराव ९ मार्च २०२३ रोजी लिव्हरच्या आजाराने दुर्गला वारले.